गव्हाच्या वावरात दोन झाडं वांझ निघाली. ठेवू की उपटू?

धुऱ्यावरून (१६ फेब्रुवारी)
नमस्कार मंडळी. आमचं वावर मेहकर तालुक्यात, विहिरीवरचं ओलीत. पऱ्हाटी उपटून गहू पेरायला ५ डिसेंबर उजाडला. बियाणं घरचंच, लोक-१ वाणाचं. काल सकाळी पाणी बदलायला गेलो तर दोन झाडं नजरेत भरली. बाकीच्या ओंब्यांत दुधाळ दाणा आहे, त्या जड झाल्यात. या दोन झाडांच्या ओंब्या ताठ उभ्या, हाताला हलक्या. उन्हाकडे धरली तर आरपार उजेड दिसतो. फुलं सगळी उघडी, चिमणीच्या पिल्लानं आ वासावा तशी. बोटानं दाबलं तर आत नुसतं भुसकट.

एका झाडाला सहा ओंब्या, दुसऱ्याला चार, आणि दहाच्या दहा अशाच. दोन झाडांत आठेक फुटांचं अंतर आहे. मधली, आजूबाजूची झाडं ठणठणीत.

बाबा म्हणतात उपटून टाक, वांझ झाड वावरात नको. मी कुठेतरी वाचलं होतं की हायब्रीड गहू करायला नरवांझ झाड, म्हणजे ज्याचा स्वतःचा पराग निकामी असतो असं झाड, लागतं आणि ते सहजी मिळत नाही. हे तेच असेल का? जाणकारांनी सांगावं. तोवर दोन्ही झाडांना लाल सुतळी बांधून ठेवली आहे.

वऱ्हाडी_ठेचा
उपटू नका भाऊ! सुतळी बांधली ते लय चांगलं केलं. पण आधी सांगा, टू-फोर-डी तणनाशक मारलं होतं का? माह्या वावरात दोन वर्साआधी रुंद पानाच्या तणासाठी मारलं, अन् मारलं तवा गहू पोटरीत आला होता, म्हंजे ओंबी अजून पानाच्या आतच होती. मंग काय, ओंब्या वाकड्यातिकड्या, काही फुलं रिकामी. आमी तवाबी असंच डोकं खाजवलं होतं.

धुऱ्यावरून
मारलं होतं, पण पेरणीनंतर बत्तिसाव्या दिवशी, आणि सगळ्या वावरात सारखं. ओंब्यांचा आकार अगदी सरळ आहे, वाकडं काही नाही.

जुना_पैदासकार
तुमचं निरीक्षण फार चांगलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझी तीस वर्षं गव्हाच्या पैदासीत गेली.

ओंबी रिकामी राहण्याची कारणं बरीच असतात. पोटरीत असताना उष्णता वाढली की परागकण मरतात, आणि उशिरा पेरलेल्या गव्हाला आपल्याकडे हा फटका नेहमी बसतो. जमिनीत बोरॉन कमी पडलं तरी गव्हाचा पराग नीट तयार होत नाही. तणनाशकाचं तर वर आलंच. पण ही तिन्ही कारणं पट्ट्यानं दिसतात. उष्णता एका झाडाला लागून शेजारच्याला सोडत नाही. तुमच्याकडे एका झाडाच्या सगळ्याच्या सगळ्या ओंब्या रिकाम्या आणि हातभर अंतरावरचं झाड भरलेलं. हे लक्षण आतल्या दोषाचं, म्हणजे आनुवंशिक आहे. खात्री मात्र नुसत्या वर्णनावरून होत नाही.

दुसरी खूण तुम्ही नकळत लिहून गेलात: ‘फुलं सगळी उघडी’. गव्हाचं फूल एरवी काही मिनिटंच उघडतं. आतल्या आत परागण होतं, फूल मिटतं, काम संपलं. ज्या फुलाला पराग मिळालेला नाही त्याचा बीजांडकोश फुगतो, तुसं दूर सारली जातात आणि फूल काही दिवस उघडंच राहतं. ते बाहेरच्या परागाची वाट बघत असतं.

उशिरा आलेले फुटवे आहेत का त्या झाडांना? असतील तर निसवताना, म्हणजे ओंबी बाहेर पडताना, पुंकेसर बघा. एका फुलात तीन असतात. चांगले असतील तर पिवळे, भरलेले, झटकले की पावडर पडते.

सरकीवाली
दादा, एक विनंती. त्या झाडाला वांझ म्हणू नका. आम्ही देऊळगाव राजाकडे कपाशीचा बीजोत्पादन प्लॉट बारा वर्षं केला, त्यात हेच शिकले. त्या झाडाची माय धडधाकट आहे, उणीव नराची आहे. बाहेरून पराग मिळाला की ते दाणा देईल.

कपाशीत हा नर आम्ही हातानं काढायचो. दुपारनंतर, उद्या उमलणारी कळी ओळखायची, अंगठ्याच्या नखानं बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट पुंकेसराचं टोपण अलगद उपसून घ्यायचं. मधली दांडी राहिली पाहिजे, नख लागलं की बोंड गळलंच. वरून लाल कागदाची पिशवी. सकाळी दव सुकलं की नर ओळीतलं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं, दोरा बांधायचा, पुढची कळी. संध्याकाळी नखात हिरवं साचलेलं असायचं, पोळी खाताना झोंबायचं. आमच्या प्लॉटवर वीस-वीस बाया असायच्या. नरवांझ वाण असतं तर संध्याकाळचं अर्धं काम वाचलं असतं.

धानपट्टा
ताईंचं पटलं. पण मग गव्हातही कपाशीसारखं हातानं का करत नाहीत? एवढं नरवांझ शोधत कशाला बसायचं?

कृषीकन्या_अकोला
मी केलंय हो हातानं! एमएस्सीला असताना. नुकती पोटरीतून बाहेर आलेली, पुंकेसर अजून हिरवे असलेली ओंबी घ्यायची. टोकाची आणि बुडाची कणिसकं (ओंबीतले फुलांचे छोटे झुबके) काढायची, प्रत्येक कणिसकातली मधली फुलं चिमट्यानं उपटायची, कडेची दोनच ठेवायची. तुसांची टोकं कात्रीनं छाटायची आणि मग प्रत्येक फुलातून तीन पुंकेसर न फोडता बाहेर. एक फुटला तर त्या फुलावर पाणी सोडायचं. वर बटर पेपरची पिशवी, दोन-तीन दिवसांनी नराची ओंबी आत फिरवायची. माझ्या पहिल्या ओंबीला पाऊण तास लागला होता. बावीस फुलांतून नऊ दाणे मिळाले आणि मी ते आठवडाभर सगळ्यांना दाखवत होते.

आता हिशोब मांडा. कपाशीच्या पाकिटात सरकीचे दाणे पाच हजारांच्या आसपास. एका बोंडात पंचवीस बिया धरल्या तर दोनशे फुलांत एक पाकीट. गव्हाचं एकरी बियाणं ४० किलो. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर दहा लाख दाणे झाले. एका फुलातून एकच दाणा, म्हणजे एका एकराच्या बियाण्यासाठी दहा लाख फुलांतून तीस लाख पुंकेसर काढायचे! नवीन वाणासाठी दहा-वीस दाणे काढायला हात चालतो, शेतकऱ्याच्या पोत्यासाठी नाही.

धानपट्टा
तीस लाख! समजलं ताई.

नांगर७२
चर्चा छान आहे पण मला मूळ हेतूच पटत नाही. ज्यांचं बियाणं कास्तकार घरच्या कोठीतून काढतो अशी मोजकीच पिकं उरलीत, गहू त्यातलं एक. कपाशी गेली. भाजीपाला गेला. मका गेला. गव्हाचंही हायब्रीड झालं की दरवर्षी दुकानासमोर रांग. उत्पन्न वाढतं किती, तर ऐकतो की दहा टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी हे स्वातंत्र्य द्यायचं?

आर्वीचे_आबा
नांगरभाऊ, तुमची काळजी खरी आहे. पण मी ७२ चा दुष्काळ पाहिलेला माणूस आहे. आमच्या गावात त्या काळी ज्वारीला ज्वारी म्हणतच नसत, ‘हायब्रीड’ म्हणत. हायब्रीडची भाकर, हायब्रीडचं पोतं. सीएसएच-१ ही पहिली, १९६४ सालची, आणि तीही नरवांझ वाणावरच तयार व्हायची. भाकर काळपट व्हायची, पावसात सापडली की दाण्यावर बुरशी यायची, कडबा आखूड म्हणून बैल तोंड फिरवायचे. सगळं खरं. पण माझ्या आईनं चार लेकरं त्या भाकरीवर जगवली. मी त्या बियाण्याला नावं ठेवू शकत नाही.

नांगर७२
आबा, तुमच्यापुढं काय बोलणार. भुकेची गोष्ट वेगळी. आज गव्हाची ती अडचण आहे का, एवढंच माझं म्हणणं.

जुना_पैदासकार
दोघांचंही बरोबर आहे. ज्वारीत जे जमलं ते गव्हात तितक्या सहज का जमलं नाही, ते सांगतो.

नरवांझपणाचा एक प्रकार पेशीद्रव्यातून येतो. तो फक्त आईकडून उतरतो, कारण तो केंद्रकात नसून मायटोकाँड्रियात असतो. गव्हात यावर पहिलं काम जपानी शास्त्रज्ञ किहारांनी १९५१ मध्ये एका रानगवताचं पेशीद्रव्य घेऊन दाखवलं. उपयोगी पडेल असं पेशीद्रव्य १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सासमध्ये विल्सन आणि रॉस यांना मिळालं, जॉर्जियातल्या टिमोफीवी नावाच्या गव्हातून. जगभर सर्वांत जास्त काम त्याच्यावर झालं.

पद्धत अशी. तीन वाणं लागतात. पहिलं नरवांझ. दुसरं त्याचं जुळं भावंड, सगळं सारखं, फक्त पराग देणारं. याच्यामुळे नरवांझ वाण दरवर्षी टिकवता येतं. तिसरं वाण नरपण परत आणणारं. पहिल्यावर तिसऱ्याचा पराग पडला की जे बी तयार होतं ते शेतकऱ्याचं हायब्रीड.

गाडी अडते ती तिसऱ्या वाणापाशी. कांद्यात पहिलं नरवांझ झाड १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात सापडलं आणि पुढचं काम सोपं झालं, कारण कांद्यात आपल्याला कंद हवा असतो. शेतकऱ्याच्या वावरात फुलाला बी धरलं नाही तरी काही बिघडत नाही. गव्हात दाणाच हवा. हायब्रीडच्या प्रत्येक फुलात नरपण पुरतं परत आलं पाहिजे, आणि टिमोफीवीवर ते परत आणायला एक जनुक पुरत नाही, दोन-तीन एकत्र आणावे लागतात. हवामान बदललं की तेही डगमगतात. मी स्वतः हा संकर करून पाहिला आहे. एका हंगामात ओंबी भरगच्च आली, पुढच्या हंगामात त्याच संकराची तिसरा हिस्सा फुलं रिकामी. त्या दिवशी वावराच्या कडेला बसून राहिलो होतो, अजून आठवतं.

दुसरी अडचण वाऱ्याची. गव्हाला हजारो वर्षांची सवय घरातल्या घरात लग्न लावायची. पराग थोडा, आणि बाहेर पडला की अर्ध्या तासाच्या आत मरतो. नर आणि मादीचे पट्टे शेजारी-शेजारी पेरले तरी मादीच्या पट्ट्यात दाणे कमीच धरतात. त्यामुळे बियाणं महाग, आणि गव्हाला एकरी बियाणं लागतं पोत्यानं.

वऱ्हाडी_ठेचा
सर, मंग फवारा मारून नर मारता येत नाही का? आपल्याकडं सगळ्यालेच फवारा असते.

जुना_पैदासकार
येतो, आणि तीच पद्धत युरोपात चालली. फ्रान्समध्ये सिंटोफेन नावाचं रसायन वापरतात. ओंबी खोडाच्या आत असते, बोटाच्या पेराएवढीही नाही, तेव्हा फवारायचं. पराग तयार होत नाही, मादी शाबूत राहते. फायदा असा की कोणतंही चांगलं वाण मादी म्हणून घेता येतं आणि नरपण परत आणण्याची भानगडच नाही, कारण दोष रक्तात उतरत नाही. तोटा असा की फवारणीचे दिवस मोजके. त्यात पाऊस-वारा आला, काही झाडं मागेपुढे असली, तर वाचलेल्या फुलांत घरचाच पराग पडतो आणि बियाण्यात भेसळ होते. एवढं करूनही जगातल्या गव्हाखालच्या जमिनीत हायब्रीडचा वाटा एक टक्काही नाही.

आपल्याकडे महिको या बियाणं कंपनीने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘प्रथम’ नावानं संकरित गहू आणला होता, टिमोफीवीच्याच पद्धतीचा. महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनी तो पेरलाही.

झेडपीचा_मास्तर
धुऱ्यावरून भाऊ, मी तुमच्यापासून चौदा किलोमीटरवर शिकवतो. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे. वर्षातून एकदा कांद्याची साल दाखवायला निघतो. उशिराचे फुटवे असतील तर घेऊन या, पोरांनाही दाखवू. सोबत चांगल्या झाडाची निसवती ओंबीही आणा. टिंक्चर आयोडीन मी आणतो. जिवंत परागात पिष्ट असतं, तो आयोडीननं गर्द काळानिळा होतो. मेलेला फिकट राहतो.

सरकीवाली
मास्तर, किती छान! फोटो टाका नक्की.

धानपट्टा
हे वाचताना दादाजी खोब्रागडे आठवले. आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या निवडून जपल्या, वर्षानुवर्षं पेरल्या, आणि त्यातून एचएमटी धान उभा राहिला. दीड-दोन एकराचा धनी. आज आमच्याकडे कोणत्याही दुकानात जा, एचएमटीचं पोतं असतंच. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी त्या लोंब्या ‘भेसळ’ म्हणून उपटल्या असत्या तर?

जुना_पैदासकार
अगदी नेमकी आठवण. आणि नरवांझाचीच अशी दोन उदाहरणं देतो. १९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना रानधानाचं एक नरवांझ झाड सापडलं. चीनच्या हायब्रीड भाताची मोठी घोडदौड त्या एका झाडापासून सुरू झाली. आणि १९७२ मध्ये चीनच्याच शान्शी प्रांतात, थाईकू इथे, गव्हाच्या साध्या शेतात एक नरवांझ झाड दिसलं. त्यातला जनुक प्रभावी होता, म्हणजे त्याच्या पोरांत निम्मी नरवांझ, निम्मी चांगली. थेट हायब्रीड बियाण्यासाठी तो सोयीचा नाही, पण नवीन वाणं काढण्यासाठी चिनी लोकांनी त्याचा चिक्कार उपयोग केला. कृषीकन्येचा पाऊण तास वाचला म्हणा ना! चिमटा-कात्री न लावता हजारो संकर. तो जनुक नेमका कोणता हे २०१७ मध्ये उलगडलं.

नांगर७२
हे मात्र मला आवडलं. म्हणजे नरवांझ झाड दुकानाच्या पोत्यासाठीच लागतं असं नाही. त्यातून साधं वाणही काढता येतं, जे आपण घरी ठेवू शकतो. मग माझा विरोध तिथे नाही.

धुऱ्यावरून (२३ फेब्रुवारी)
मंडळी, आज मास्तरांकडे जाऊन आलो. सहा ओंब्यांच्या झाडाला दोन हिरवे फुटवे होते. त्यातला एक आणि चांगल्या झाडाची एक ओंबी ओल्या फडक्यात गुंडाळून, थंड पाण्याच्या थर्मासमध्ये उभी करून नेली. मास्तरांनी टाचणीनं फूल उघडलं. चांगल्या ओंबीतले पुंकेसर पिवळसर, टचटचीत. काचेवर ठेवून दाबले तर पिठासारखा पराग पसरला. आमच्या झाडाचे पुंकेसर बारीक, पांढरट, सुकल्या चिंचोळ्या शेंगेसारखे. दाबले तर काहीच नाही. आयोडीन टाकल्यावर चांगल्याचे दाणे काळेभोर गोल दिसले. आमच्यात मोजून पाच-सहा दाणे, तेही सुरकुतलेले, फिकट. सातवीतल्या एका मुलीनं डोळा लावला आणि म्हणाली, “सर, हे तर रिकामे फुगे आहेत.”

आणि हो, कुक्षी (पराग झेलणारा मादीचा भाग) दोन्हीकडे सारखीच, पिसासारखी पांढरीशुभ्र. सरकीवाली ताई, माय धडधाकट आहे.

बाबांनाही सोबत नेलं होतं. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. उपटण्याचं नाव परत काढलं नाही.

सरकीवाली
डोळ्यांत पाणी आलं दादा.

जुना_पैदासकार
अभिनंदन. आता पुढची कामं. उरलेल्या एका हिरव्या फुटव्यावर निसवायच्या आत बटर पेपरची पिशवी बांधा. त्यात एकही दाणा धरला नाही तर नरवांझपण पक्कं. बाकीच्या ओंब्या उघड्याच ठेवा, शेजारच्या लोक-१ चा पराग वाऱ्यानं येऊन काही फुलांत दाणे धरले असतील. ते दाणे म्हणजे सोनं. काढणीला हार्वेस्टर आणणार असाल तर त्याआधी ही दोन झाडं हातानं कापून घ्या. काणी (ओंबीची काळी भुकटी करणारा रोग) आली आहे का तेही बघा, उघड्या फुलात काणीचे बीजाणू सहज शिरतात.

ते दाणे पुढच्या हंगामात पेरले की झाडंच सांगतील. निम्मी नरवांझ निघाली तर जनुक प्रभावी, थाईकूसारखा. सगळी चांगली निघाली आणि त्यांच्या पुढच्या पिढीत पाव हिस्सा नरवांझ निघाली, तर जनुक अप्रभावी. सगळीच्या सगळी नरवांझ निघाली तर दोष पेशीद्रव्यात. आणि दोन पिढ्या सगळं चांगलंच निघालं, तर तो त्या वर्षापुरता अपघात होता. हे शेवटचं निघालं तरी मन लहान करू नका.

वऱ्हाडी_ठेचा
एक शंका सर. यायच्या घरच्या बियाण्यात कधी हायब्रीड गहू मिसळला असन तर? त्याच्या पुढच्या पिढीत नरवांझ झाडं फुटत असतीन ना?

जुना_पैदासकार
उत्तम प्रश्न. टिमोफीवीवरच्या हायब्रीडचं बी घरी ठेवून पेरलं तर पुढच्या पिढीत काही झाडं नरवांझ फुटतात, बरोबर. धुऱ्यावरून, बियाणं किती वर्षांपासून घरचं आहे? मध्ये कुणाकडून बदलून आणलं होतं का?

धुऱ्यावरून
आईला विचारलं. २०१९ मध्ये आमचा गहू किड्यांनी खाल्ला होता, तेव्हा मामाच्या गावाहून दोन पोती बदलून आणली. मामाकडे ते कुठून आलं, विचारतो.

कृषीकन्या_अकोला
दाणे कागदी पाकिटात ठेवा, पॉलिथिनमध्ये नको. आणि प्रत्येक ओंबीचं पाकीट वेगळं. झाड १ ओंबी १, झाड १ ओंबी २, असं पेन्सिलनं लिहा. पेनची शाई उडते, मी एकदा अख्खा हंगाम त्यात घालवला आहे.

धुऱ्यावरून (३ एप्रिल)
काढणी झाली. हार्वेस्टरच्या आदल्या दिवशी दोन्ही झाडं विळ्यानं कापली. पिशवीतल्या ओंबीत एकही दाणा नाही. उघड्या दहा ओंब्यांत मिळून ४१ दाणे: पहिल्या झाडाचे २८, दुसऱ्याचे १३. दाणे मोठे, टपोरे आहेत, बहुतेक एवढेच असल्यामुळे पोसले. काणी कुठेच नाही. दहा पाकिटं पेन्सिलनं लिहून, कडुनिंबाचा पाला घालून आईच्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली.

मामाचं उत्तर आलं. त्यांनी ते बियाणं लोणारच्या बाजारातून एका शेतकऱ्याकडून घेतलं होतं, नाव आठवत नाही.

विहिरीजवळ तीन ओळींची जागा मोकळी ठेवतोय. यंदा १५ नोव्हेंबरच्या आत पेरणार, वीतभर अंतरावर एक-एक दाणा. बाबांनी आत्ताच चार खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत.

झेडपीचा_मास्तर
फुलोऱ्यावर आला की कळवा. त्या सातवीतल्या मुलीनं आत्ताच विचारून ठेवलंय.